पुळणीची राखण

स्वच्छ, निवांत किनारा आपोआप तसा राहत नाही. कुणीतरी तो राखलेला असतो.

पाहणारा घाईत असला की जागा रिकामी दिसते. ओहोटीला ओल्या पुळणीवर जरा बसून पाहावं. नखाएवढा खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडाशी धरतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एक, आणखी एक. थोड्या वेळात बिळाभोवती गोळ्यांची नक्षी उमटते. भरती ती पुसून नेते. पाणी ओसरलं की खेकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं काम रोज चालू असलेल्या जागेला निर्जन म्हणायला माझी जीभ धजत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास हे गाव आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री इथे पुळण चढून येते. मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांची आणि तिची पुढे भेट नाही. सगळा भरवसा वाळूवर. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, गार राहिली तर नर. निम्मं आईपण वाळूच निभावते.

हा भरवसा माणसाने बराच काळ मोडला. अंडी उकरली जात, विकली जात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने इथे काम सुरू केलं, आणि गावातलीच माणसं पहाटे माग शोधत किनारा चालू लागली. घरटं सापडलं की अंडी कुंपणात, तशाच खड्ड्यात हलवायची. मग दीड-दोन महिने कुत्र्या-कोल्ह्यांपासून सांभाळायची. वाळूवरची खूण ज्याला वाचता येते तोच अंडी चोरू शकतो, आणि तोच राखू शकतो. विद्या तीच.

घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की काळसर पिल्लं दिसतात, अंगावर अजून वाळू. सोडलं की चालू लागतात. लाट मागे ढकलते, ती परत निघतात. आपला हात नकळत पुढे होतो. तो आवरावा लागतो. जवळ उभं राहून काहीही न करणं हे फार उशिरा येणारं शहाणपण आहे.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती, अशी एक कासवीण २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. बंगालच्या उपसागरातून थेट अरबी समुद्रात. एवढ्या प्रवासानंतर तिचं मागणं काय? अंधार, कोरडी वाळू आणि वाटेत भिंत नसावी. याहून कमी मागणारा पाहुणा मला माहीत नाही.

रात्री समुद्राकडची बाजू जमिनीपेक्षा उजळ असते, मुख्यतः याच आधारावर पिल्लू पाण्याची दिशा धरतं. पाठीमागे दिवा लागला की ते उलटं वळतं. किनाऱ्यावरच्या बांधकामाला लगाम घालायला १९९१ साली कायद्याने भरतीरेषेपासून ५०० मीटरची पट्टी आखली. पण रेघ नकाशावर असते आणि दिवा किनाऱ्यावर लागतो.

मग अशा जागेचं नाव सांगावं की लपवावं? सांगावं. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्या किनाऱ्यासाठी भांडायलाही कुणी येत नाही. गर्दीने किनारा मरतो हे खरंच. पण पाहुण्याने गावकऱ्याच्या घरी उतरावं, त्याच्याच घरचं जेवावं, ही वेळासची रीत मला पटते. कासवाच्या पिल्लावर ज्याची चूल पेटते, तो पिल्लू राखतो.

फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लं निघण्याचा काळ. गेलात तर पिल्लांच्या वाटेशी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहा, मोबाइलचा दिवा बंद ठेवा, वाळूतलं काही उचलून आणू नका. आणि त्या दिवशी एकही पिल्लू निघालं नाही, तर गावाला बोल लावू नका.