दुखणं खरं, आरोपी कोण?

जळगावात मेहरूण तलावाकाठी पहाटे फिरणाऱ्यांचा आमचा एक घोळका आहे. कापसाचा भाव, केळीचा भाव आणि आदल्या रात्रीचा सामना संपला की तिथे रिपोर्ट निघतात. कुणाची शुगर, कुणाचं बीपी, कुणाचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. मग विषय हटकून 'त्या' गोळीवर येतो. कुणी तिला कोलेस्टेरॉलची गोळी म्हणतो, कुणी रात्रीची गोळी, कुणी रक्त पातळ करायची गोळी. यातलं शेवटचं नाव चुकीचं आहे. ते काम ॲस्पिरिनचं, क्लोपिडोग्रेलचं. पण तिन्ही औषधं एकाच कॅप्सुलमध्ये मिळतात, त्यामुळे नावंही एकमेकांत मिसळली आहेत. डॉक्टर या गोळीला स्टॅटिन म्हणतात. ॲटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही तिची आपल्याकडची नेहमीची रूपं.

साठी उलटल्यावर मलाही ती सुरू झाली. वडील पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, माझी शुगर जुनी, आणि एलडीएल वाढलेला. डॉक्टरबाईंनी ॲटोरवास्टॅटिन 20 लिहून दिली. गोळीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद मी भिंग लावून वाचला. स्नायुदुखी हा शब्द त्यात होता. त्याच आठवड्यात एका मित्राने फोनवर एक व्हिडिओ पाठवला: ही गोळी म्हणे पायातला जीव काढून घेते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या.

मी गोळी बंद केली. डॉक्टरबाईंना विचारलं नाही, घरातही बोललो नाही. मग आठवडाभर मुलीकडे नाशिकला जाऊन आलो आणि पाय हलके वाटले. परतल्यावर तलावाकाठी मी निकाल जाहीर केला, "गोळीच होती. सोडली, मोकळा झालो." माझा शब्द मानून घोळक्यातल्या आणखी दोघांनी गोळी सोडली. त्यातल्या एकाला स्टेंट होता, हे मला नंतर कळलं. या लेखाचं खरं कारण ते आहे.

त्याच उन्हाळ्यात धुळ्याहून फोन आला. देवपुरात माझे मावसभाऊ राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेला माणूस. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्टेंट पडला, तेव्हापासून ॲटोरवास्टॅटिन 40 चालू. चार वर्षं कसलीही तक्रार नव्हती. आणि आता फोनवर म्हणत होते, "भाऊ, पायमा जीवच नही ऱ्हायना."

मी गेलो तेव्हा नाना ओट्यावरून उठत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मग भिंतीवर, मग सुनेच्या खांद्यावर. दोन्ही मांड्या सारख्याच निकामी. जिना चढणं बंद, खाली बसलं तर उठणं नाही. एका डॉक्टरांना दाखवून झालं होतं. ते म्हणाले होते, वय झालं, ऊन आहे, पाणी प्या.

सूनबाई शहाणी. तिने घरातल्या सगळ्या पट्ट्या, मलमं, बाटल्या एका पिशवीत घातल्या आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्या. त्यांनी एकेक पट्टी उलटून पाहिली आणि एकीवर बोट ठेवलं. खान्देशच्या उन्हाळ्यात घामाने जांघेत गजकर्ण उठणं काही नवं नाही. नानांनाही ते झालं होतं, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी महिनाभराच्या कॅप्सुल दिल्या होत्या. औषधाचं नाव इट्राकोनाझोल. हृदयाची गोळी चालू आहे हे नानांनी तिथे सांगितलं नव्हतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

यकृतातलं जे विकर ॲटोरवास्टॅटिनचा निचरा करतं, त्यालाच इट्राकोनाझोल अडवून धरतं. पांझरेकाठी फडाची शेती पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. शेवटची वाट बुजली की नेहमीचंच पाणी वावरात तुंबतं. नाना गोळी नेहमीचीच घेत होते, रक्तात ती साचत होती. सीपीके नावाची तपासणी केली. स्नायू झिजले की हा आकडा चढतो. नानांचा कित्येक पटींनी चढला होता. दोन्ही औषधं थांबवली, मूत्रपिंडं तपासली, भरपूर पाणी दिलं. तीन आठवड्यांनी नाना ओट्यावरून एकटे उठले.

मग माझं काय? नानांच्या गोष्टीने माझाच निकाल पक्का केला, असं मला वाटलं. याच थाटात मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "गोळी सुरू केली त्याच आठवड्यात आणखी काय सुरू केलंत?"

मी गप्प झालो. त्याच आठवड्यात त्यांच्याच सांगण्यावरून मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालायला लागलो होतो. पायात चपला. आणि नाशिकच्या त्या आठवड्यात एक दिवसही चाललो नव्हतो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण आपण दुसऱ्याला सहज ऐकवतो. स्वतःच्या पोटऱ्या दुखतात तेव्हा ती आठवत नाही. गोळी हा घरात आलेला नवा गडी असतो. घरात काही हरवलं की पहिला आळ नव्या गड्यावर येतो. माझ्या घरी आळ खोटा निघाला. धुळ्याला गडी खरोखर सापडला, पण त्याला आत घेणारा साथीदारही होता.

हा आळ काही फोनवरच्या व्हिडिओंनी जन्माला घातलेला नाही. तो औषधाइतकाच जुना आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी 1971 मध्ये टोकियोतल्या सांक्यो कंपनीत बुरशी तपासायला सुरुवात केली. हजारो बुरशी पालथ्या घातल्यावर क्योटोच्या तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल अडवणारा, स्टॅटिन गटातला पहिला पदार्थ सापडला. उंदरांवर तो चालला नाही, अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर चालला. 1978 मध्ये ओसाकाच्या एका डॉक्टरांनी तो अठरा वर्षांच्या मुलीला दिला. तिचं कोलेस्टेरॉल जन्मजात भयंकर वाढलेलं होतं. ते उतरू लागलं, आणि थोड्याच दिवसांत तिच्या स्नायूंतलं बळ गेलं. औषध थांबवल्यावर ते परत आलं. पुढे मात्रा कमी करून काम चालू राहिलं. म्हणजे या औषधाच्या पहिल्याच रुग्णाने स्नायूंच्या त्रासाची साक्ष दिली होती.

1987 मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. 1994 मध्ये उत्तर युरोपातल्या 4,444 हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू 30 टक्क्यांनी कमी. मग 2001 मध्ये सेरिवास्टॅटिन नावाचं औषध जगभरच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं. स्नायू वितळून मूत्रपिंडं बंद पडल्याने माणसं दगावली होती. आजच्या गोळ्यांत तसं होणं फार दुर्मिळ आहे, लाखात दोन-तीन जणांना, तेही वर्षभरात. पण दुर्मिळ घटनाही कुणाच्या तरी घरी घडतेच, आणि त्या घराला लाखाचा हिशेब सांगून उपयोग नसतो.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांवर लंडनमध्ये एक प्रयोग झाला, त्याचा निकाल 2020 मध्ये आला. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या. चार बाटल्यांत ॲटोरवास्टॅटिन, चारमध्ये हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. त्रास किती झाला ते रोज शून्य ते शंभरात नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात सरासरी 8, खऱ्या गोळीच्या महिन्यात 16.3, आणि खोट्या गोळीच्या महिन्यात 15.4! गोळीमुळे वाढलेल्या त्रासाचा नव्वद टक्के वाटा खोट्या गोळीनेही दिला. आपापले आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

2022 मध्ये 19 चाचण्यांतल्या सुमारे सव्वा लाख माणसांचा हिशेब एकत्र मांडला गेला. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली होती, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्क्यांनी. जास्तीचा त्रास दिसला तो मुख्यतः पहिल्या वर्षी, हजारात अकरा जणांना. शुगरची गोष्ट वेगळी. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता थोडी वाढते हे सिद्ध आहे: 255 माणसांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह. तो दुष्परिणाम खरा असूनही त्याचा व्हिडिओ मला कुणी पाठवला नाही. तो दुखत नाही ना!

इथे दोन चुका होतात. पहिली आपली. गोळी सोडून आपण गप्प बसतो. डेन्मार्कमध्ये 2016 साली पावणेसात लाख स्टॅटिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोळी लवकर सोडणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका 26 टक्क्यांनी जास्त आढळला. गोळीविरुद्धच्या बातम्या आणि गोळी सोडणं यांचा संबंधही त्या नोंदींत दिसला. मी मेहरूणच्या काठावर दिलेला निकाल हीही त्यातलीच एक बातमी होती.

दुसरी चूक डॉक्टरांची. लंडनचा तो आकडा लाठीसारखा वापरता येतो: नव्वद टक्के मनाचे खेळ, घ्या गुमान. पण तो प्रयोग असं म्हणतच नाही. खोट्या गोळीच्या महिन्यात माणसांना पंधरा गुणांचा त्रास खरोखर झाला. धास्तीने दुखणारा पायही दुखतोच. शिवाय त्या सरासरीत नाना बसत नाहीत. पिशवी टेबलावर न ओतताच कुणी त्यांना 'मनाचे खेळ' सांगितलं असतं, तर त्यांची मूत्रपिंडं गेली असती. सरासरी हजारांची असते. ओट्यावरून उठता न येणारा माणूस एकटा असतो. तिथे आकडा पुरत नाही, चौकशी लागते.

डॉक्टरबाईंनी माझी चौकशी साध्या वहीत केली. मला स्टेंट नाही, म्हणून त्यांनी एक महिना गोळी थांबवू दिली. स्टेंटवाल्याने हे मनाने करू नये, हेही बजावलं. रोज रात्री दुखण्याला शंभरात गुण द्यायचे, शेजारी किती चाललो ते लिहायचं. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि सीपीके तपासलं, कारण पहिली दोन कमी असली तरी स्नायू दुखतात. तिन्ही ठीक निघाली. गोळी बंद आहे हे मला ठाऊक होतं, पाय हलके होणार याची खात्रीही होती. तरी पोटऱ्या दुखतच राहिल्या, चालण्याच्या दिवशी जास्त, सुट्टीच्या दिवशी कमी. महिन्याच्या शेवटी बूट घेतले. गोळी पुन्हा सुरू केली. पोटऱ्या राहिल्या.

नवा गडी म्हणून गोळीवर आळ घेणारे आपण सगळ्याच नव्या गड्यांना एकसारखं वागवत नाही. 1945 च्या डिसेंबरात आपल्याच अमळनेरला वनस्पती तूप काढणारी एक कंपनी स्थापन झाली. पुढे जगभर पसरलेली विप्रो ती हीच. तसं डब्यातलं तूप देशभर घराघरांत गेलं, लग्नाच्या पंगतींत वाढलं गेलं, आणि पंगतीत कुणी त्याच्यावर फारसा संशय घेतला नाही, कारण ते चवीला चांगलं होतं. त्यातला ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत आणायचा नियम भारतात 2022 मध्ये लागू झाला. शेवभाजीवरच्या तर्रीची चौकशी आपण कधी करत नाही, आणि गोळी मात्र पहिल्या कळेला कोर्टात उभी करतो. उलटंही पाहिलंय. "गोळी चालू आहे, वाढ अजून," म्हणत वाटी पुढे करणारे. दक्षिण आशियात पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर जगाच्या पाच-सहा वर्षं आधी. त्या घाईत गोळीचा वाटा काहीच नाही.

दुखणं आलं तर करायचं काय? दोन्ही मांड्यांतलं किंवा खांद्यांतलं बळ एकदम गेलं, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे वही लिहीत बसायचं नाही. नुसतं दुखत असेल तर कधी सुरू झालं, त्याच सुमारास दुसरं काय सुरू झालं, हे लिहून न्यायचं. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, स्टॅटिन सोडून दुसरी औषधंही आहेत. नानांना आता रोसुवास्टॅटिन कमी मात्रेत चालू आहे. ती त्या विकराच्या वाटेने फारशी जात नाही. ते पुन्हा पांझरेच्या पुलापर्यंत चालून येतात.

तलावाकाठच्या त्या दोघांना मी स्वतः भेटलो आणि माझा निकाल मागे घेतला. स्टेंटवाल्याने डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू केली. दुसरा अजून माझ्या पहिल्याच निकालावर ठाम आहे.

नानांच्या सदऱ्याच्या खिशात आता एक घडी केलेला कागद असतो. सुनेने त्यावर सगळ्या औषधांची नावं आणि मात्रा लिहून दिल्या आहेत. दाताचा डॉक्टर असो की त्वचेचा, तो आधी पुढे करायचा. दिवाळीच्या साफसफाईत औषधांचा डबा खाली काढाल, तेव्हा घरातल्या प्रत्येक गोळी घेणाऱ्यासाठी असा एक कागद लिहून ठेवा.