संपविण्याची नीती

लखनौला नोकरीनिमित्त गेलेला आणि निवृत्तीनंतर तेथेच राहिलेला एखादा मराठी गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. वय पंचाहत्तर, राहणी टापटिपीची. कोमट पाण्यात ब्रश भिजवून, फेस काढून रोज दाढी करण्याचा त्याचा नेम अर्धशतकाचा. एके दिवशी तो न्हाणीघरातील कपाट आवरावयास घेतो, आणि त्यातून दाढीच्या साबणाच्या वड्या व क्रीमच्या ट्यूबा मिळून तीस नग निघतात. काही मुलाने परदेशाहून आणलेले, काही सवलतीत घेतलेले, काही केवळ सुवासाच्या मोहाने. एका दाढीला सुमारे एक ग्रॅम साबण पुरतो. शंभर ग्रॅमच्या तीस नगांचा हिशेब तीन हजार सकाळींचा होतो; म्हणजे आठ वर्षांहून अधिक. हे सारे संपेपर्यंत नवे काही घ्यावयाचे नाही, असा निश्चय तो करतो, आणि लगोलग दुसरा विचार मनात येतो : आधी कोण संपणार, साबण की आपण?

हा विचार हसण्यावारी नेता येतो. पण त्याच्या मुळाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे. घेतलेली वस्तू संपविणे हे कर्तव्य आहे काय? असेल, तर ते कोणाविषयीचे?

मागील पिढीला हा प्रश्न पडत नसे. वाण्याकडून एक वडी यावी, ती झिजून कपची उरली की नव्या वडीला चिकटवावी, ट्यूब रिकामी होत आली की तिच्यावरून लाटणे फिरवावे, हा मध्यमवर्गीय घराचा रिवाज होता. त्यामागे तत्त्वज्ञान नव्हते, टंचाई होती. उलट विचार दाढीच्या साहित्यातच लवकर रुजला, ही लक्षणीय गोष्ट आहे. अमेरिकेतील किंग कँप जिलेट यांनी १९०१ मध्ये कंपनी काढली आणि १९०४ मध्ये त्यांना आपल्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या परजून वापरावयाच्या वस्तऱ्याच्या जागी, धार गेली की टाकून देण्याचे पाते आले. टाकून देणे हाच तेथे वस्तूचा गुण ठरला. भारतात १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि निवडीची चैन साध्या घरांतही शिरली. टंचाईच्या आधाराने उभी असलेली काटकसर टंचाईबरोबरच जाणार होती. ती टिकावयाची असेल, तर तिला आता दुसरा आधार हवा.

तो आधार शोधण्यासाठी या गृहस्थाने शहरातील जुन्या चौकापर्यंत चालत जावे. लखनौकडे न्हाव्याला आदराने ‘खलीफा’ म्हणण्याची रीत आहे. खलीफाच्या वाटीतील साबण सकाळी येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकापासून रात्रीच्या शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच तो तळापर्यंत वापरला जातो. घरातील साबण ‘माझा’ असतो. तोच पडून राहतो. स्वामित्व आणि उपभोग ही जोडी आपण अभेद्य मानतो, पण कपाटातील वस्तूवर स्वामित्व पुरे असते आणि उपभोग शून्य. शिवाय साठविणे म्हणजे जपणे नव्हे. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाशी पोटॅशचा संयोग झालेला असतो. त्याने तो मऊ राहतो आणि फेस दाट येतो. पण मे महिन्यात लखनौला लू वाहू लागली की उघड्या वडीला भेगा पडतात, सैल झाकणाच्या ट्यूबेतील क्रीम तोंडाशी घट्ट होते, आणि ज्या सुवासासाठी वस्तू घेतली तो कालांतराने विरतो.

याच शहरातील कैसरबागेत याहून मोठा दाखला उभा आहे. १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास गेले आणि त्यांचे महाल मागे राहिले. त्यांतील परीखान्यात पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये स्थापन झालेले संगीत महाविद्यालय नांदू लागले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. एकाच्या विलासासाठी असलेली वास्तू अनेकांच्या रियाजाला लाभली. भातखंडे यांनी घराण्याघराण्यांत राखून ठेवलेल्या चिजा मिळवून त्या स्वरलिपीसह मराठी ग्रंथांत छापल्या, हेही त्याच जातीचे कार्य. विद्या दिल्याने वाढते आणि साबण वापरल्याने संपतो, हा भेद खरा. पण राखून ठेवल्याने दोन्ही वाया जातात.

येथे कृपणतेची शंका येईल. परंतु कृपण मनुष्य वस्तू संपवीत नाही, तो ती संपू नये म्हणून झटतो. नखभर साबणाचा पातळ फेस करून गाल सोलून घेणाऱ्याने साबण वाचविला असे म्हणता येत नाही. दाढी मात्र बिघडविली. संपविण्यात वस्तूचे काम तिच्याकडून पूर्ण करून घेणे अभिप्रेत आहे. तसेच, रिकाम्या ट्यूबांची मोजदाद ठेवून त्यांचा अभिमान बाळगणे हाही संग्रहच. फक्त कपाटातून तो मनात आलेला असतो.

मग त्या गृहस्थाने करावे काय? पानात वाढलेले टाकू नये, ही शिकवण त्याला लहानपणीच मिळाली आहे. पण पातेल्यातील सारे एकट्यानेच खावे, असे तिने कधी सांगितले नाही. उघडलेली वडी उष्ट्या अन्नासारखी. ती दुसऱ्याला देता येत नाही, तिचे उत्तरदायित्व त्याचेच. न उघडलेल्या नगांवर मात्र त्याचा हक्क केवळ पैसे मोजल्याचा आहे. ते खलीफाच्या दुकानी, जिन्याखालच्या पहारेकऱ्याकडे, वसतिगृहातील पुतण्याकडे जावेत. तेथे ते संपतील, आणि ते संपविण्यासाठी त्याच्या आयुष्याच्या आठ वर्षांची हमी लागणार नाही.

मराठी घरात कुंकू संपले असे म्हणत नाहीत, ते वाढले म्हणतात. साबणाच्या वाट्याला हा शब्द कधी आला नाही. त्या गृहस्थाच्या कपाटात उघडलेल्या दोन वड्या राहतील. दोनशे सकाळी ही मागणी पंचाहत्तरीला फार नाही. आणि त्यांतली एखादी अर्धी राहिलीच, तरी ती वापरात असताना राहिलेली असेल.