उतारा

दसरा झाला की खान्देशातल्या जिनिंगच्या आवारात एक प्रश्न दिवसभर कानावर पडत राहतो: "कितला उतारा पडना, भाऊ?" वजनकाट्यावर गाड्या चढत असतात, कापसाचे ढीग वाढत असतात, पण जाणत्या माणसाचं लक्ष ढिगाच्या उंचीकडे नसतं. क्विंटलभर कापूस जिनात गेला आणि चौतीस किलो रुई निघाली, तर ठीक. पस्तीस निघाली तर मालकाची कळी खुलते. बत्तीसवर आली की चौकशी सुरू होते: माल कोणत्या गावचा, ओला होता का, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस किती होता. उरलेली सरकी आणि किलो-दोन किलो घट.

हा उतारा म्हणजेच गुणोत्तर. कंपनीचे अहवाल वाचायला लागणारी सगळी विद्या या एका शब्दात आहे असं मला वाटतं. खान्देशातल्याच अमळनेरच्या माणसाला तर ती परकी वाटायचं काहीच कारण नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी इथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ साबण ही तिची उत्पादनं. तेलाच्या धंद्यातही पहिला प्रश्न उताऱ्याचाच. १९६६ साली वडील गेल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले, आणि पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. गावात ज्यांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या घरांचं काय झालं हे अमळनेरला कुणी सांगायला नको. पण अनेक घरांत शेअर वारशाने आले आणि अहवाल वाचायची सवय मात्र तशी आली नाही. अहवाल आला की लाभांश किती आणि बोनस मिळणार का, एवढंच पाहिलं जातं.

बोनसचंच घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये विप्रोने एकास एक बोनस दिला. शंभर शेअर होते त्यांचे दोनशे झाले. आनंद व्हायला हरकत नाही, पण कंपनीच्या मिळकतीत त्याने एक रुपयाचीही भर पडली नाही. भाकरी तेवढीच राहिली, चतकोर दुप्पट झाले. दर शेअरमागचा नफा निम्मा झाला आणि भावही त्याच मापाने खाली आला. शेअरची संख्या हा ढीग आहे. उतारा वेगळाच काढावा लागतो.

तो काढून पाहू. २०२३-२४ या वर्षात विप्रोची उलाढाल ८९,७६० कोटी रुपये होती आणि निव्वळ नफा ११,०४५ कोटी. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, उलाढाल ८९,०८८ कोटींवर आली. आधीपेक्षा कमीच. पण नफा १३,१३५ कोटी झाला. म्हणजे शंभर रुपयांच्या उलाढालीमागे आधी सव्वाबारा रुपये उरत होते, ते पावणेपंधरा उरू लागले. कापूस थोडा कमी आला, रुई जास्त निघाली. आता इथून खरी चौकशी सुरू होते: खर्च कुठे आवरला, ठेवींवरचं उत्पन्न वाढलं का, हा उतारा पुढच्या वर्षी टिकेल का? आणि उलाढाल वाढतच नसेल तर नुसत्या उताऱ्यावर किती वर्षं भागेल? गुणोत्तर उत्तर देऊन थांबत नाही, कुठे बोट ठेवायचं ते दाखवतं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०१३ साली विप्रोने आपला ग्राहकोपयोगी वस्तूंचा धंदा वेगळ्या कंपनीत काढला, आणि ती शेअर बाजारात नाही. त्यामुळे वरच्या आकड्यांत अमळनेरचा कारखाना नाहीच. कोणता आकडा कोणत्या कंपनीचा, हे आधी तपासल्याशिवाय भागाकार करू नये.

मग प्रश्न येतो, मालकाच्या पैशाला किती फळ आलं? धंद्यात घातलेल्या स्वतःच्या शंभर रुपयांवर वर्षाला किती सुटले? सगळे जण हाच आकडा बघतात आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते, म्हणून मी इथे थोडा रेंगाळतो. १९१०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन नावाच्या माणसाने कमाईच्या आकड्याची फोड करायला सुरुवात केली. धंद्यात गुंतलेल्या पैशावरची कमाई दोन गोष्टींतून येते: शंभराच्या विक्रीत किती उरतं, आणि तो पैसा वर्षातून किती वेळा फिरतो. पुढे या रीतीत तिसरी गोष्ट मिळवली गेली: एकूण पैसा मालकाच्या स्वतःच्या पैशाच्या किती पट आहे. ही तिसरी गोष्ट म्हणजे कर्ज, दुसरं काही नाही.

दोन जिनिंग कल्पून बघा. दोन्ही मालकांचे स्वतःचे एक-एक कोटी. पहिल्याने वर पंचवीस लाख कर्ज घेतलं, वर्षात पाच कोटींची विक्री केली, आणि शंभरामागे चार रुपये सुटून वीस लाख नफा झाला. दुसऱ्याने तीन कोटी कर्ज घेतलं, विक्री सोळा कोटींची केली. शंभरामागे जेमतेम सव्वा रुपया सुटला, पण नफा तोच, वीस लाख. स्वतःच्या पैशावर दोघांनाही वीस टक्के. गावात दोघांची पत सारखी, किंबहुना दुसऱ्याचा रुबाब जरा जास्तच, कारण त्याच्या दारात गाड्या जास्त.

आता कापूस पावसात सापडला आणि उतारा एका किलोने घसरला, चौतीसचा तेहेतीस झाला असं धरा. रुईचा भाव सरकीच्या साडेचार-पाच पट मोजला, तर किलोभर रुई जाऊन किलोभर सरकी आल्याने शंभर रुपयांच्या विक्रीत साधारण एक रुपया साठ पैशांची तूट येते. पहिल्याला पाच कोटींवर आठ लाखांचा फटका बसला. वीसचे बारा लाख राहिले. वाईट वर्ष, पण घर चाललं. दुसऱ्याला सोळा कोटींवर पंचवीस-सव्वीस लाखांचा फटका बसला. नफा गेला आणि वर पाच-सहा लाखांचा तोटा. एका किलोने दोघांना असं वेगळं केलं. आदल्या वर्षी वीस टक्के म्हणून सारखे दिसणारे हे दोन धंदे कधीच सारखे नव्हते, आणि ते कळायला तोटा व्हायची वाट पाहायची गरज नव्हती. दहा टक्क्यांनी दुसऱ्याचं व्याज तीस लाख होतं आणि व्याजाआधीची कमाई पन्नास लाख. म्हणजे व्याजाच्या पावणेदोन पटही नाही. पहिल्याची कमाई व्याजाच्या नऊ पट होती. बँकेतली माणसं याला इंटरेस्ट कव्हर म्हणतात, आणि कर्जाच्या रकमेआधी तेच पाहतात.

आपल्याकडे उतारा शब्दाचा दुसराही अर्थ आहे: सातबाराचा उतारा. जमीन कोणाची ते वर दिसतं, पण व्यवहार करणारा शहाणा माणूस आधी 'इतर अधिकार' या रकान्यात बघतो, कारण सोसायटीचा, बँकेचा बोजा तिथे असतो. दोन शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर तीन-तीन लाखांचा बोजा असेल. एकाची रावेरकडची दहा एकर बागायत केळी, दुसऱ्याची पारोळ्याकडची तीन एकर कोरडवाहू. बोजा एकच म्हणून दोघं एका पंक्तीत बसत नाहीत. कंपनीचा ताळेबंद वाचताना आपण हा व्यवहार का विसरतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. 'कंपनीवर एवढ्या हजार कोटींचं कर्ज' असं ऐकलं की एक तर आपण घाबरतो, नाही तर मोठ्या कंपनीचं सगळं मोठंच असतं म्हणून सोडून देतो.

२०२१ साली विप्रोने कॅप्को ही कंपनी १४५ कोटी डॉलरना घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ७५ कोटी डॉलरचे पाच वर्षांचे रोखे दीड टक्का व्याजाने काढले. रुपयांत साडेपाच हजार कोटी. नुसता आकडा डोळ्यांत भरतो. पण मार्च २०२५च्या ताळेबंदात सगळी कर्जं मिळून मालकांच्या शंभर रुपयांमागे साधारण वीस रुपयेच पडतात. हा बागायतदाराचा सातबारा आहे.

कर्जाची दुसरी कसोटी पैसा परत येण्याच्या दिवसांची. ती समजायला जळगावपर्यंत गेलं की पुरतं. भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांवर सुरू केलेल्या व्यवसायातून जैन इरिगेशन उभी राहिली, आणि ठिबकची नळी खान्देशच्या शेतात घरची झाली. मालाला मागणी होती, कारखाने होते, नाव होतं. तरी २०१९ मध्ये कंपनी कर्जाची देणी वेळेवर देऊ शकली नाही आणि तिचं पतमानांकन कोसळलं. ठिबकचा धंदा मोठ्या प्रमाणात सरकारी अनुदानावर आणि सरकारी प्रकल्पांवर चालतो. माल शेतात जातो, पैसा फायलीत राहतो. इकडे बँकेचं व्याज मात्र ठरल्या तारखेला लागतं.

अशा वेळी एक गुणोत्तर हमखास चकवतं. वर्षभरात द्यायच्या रकमेच्या तुलनेत वर्षभरात हाती येणारी रक्कम किती, हे चालू गुणोत्तर. पण येणंही त्या हिशेबात हातातल्या पैशाइतकंच मोजलं जातं. उधारी तुंबली की येण्याचा आकडा फुगतो आणि गुणोत्तर सुधारल्यासारखं दिसतं. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा भागाकार मांडायलाच हवा: येणं भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. विकलेल्या मालाचा पैसा सरासरी किती दिवसांनी येतो ते यातून निघतं. साठाचे नव्वद, नव्वदाचे दीडशे दिवस होत गेले, तर नफ्याचा आकडा कितीही गोंडस असो, पुढे पैशाची टंचाई येणार हे ठरलेलं. जैन इरिगेशनची कर्जफेडीची फेरआखणी मार्च २०२२ मध्ये झाली. पुढे परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन केला, तो व्यवहार मार्च २०२३ मध्ये पुरा झाला, आणि कर्जाचा भार अडीच हजार कोटींहून अधिक उतरला. कंपनी उभी राहिली, पण त्यासाठी हातचं मोठं शेत द्यावं लागलं.

तारखेबद्दलही सांगायला हवं. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. जिनिंगचा हंगाम तोवर उतरलेला असतो. गाठी बऱ्याचशा गेलेल्या, सरकी विकलेली, बँकेचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खातं खाली आलेलं. त्या दिवशीचं कर्ज बघून धंदा निर्धास्त आहे म्हणणं चूक. डिसेंबर-जानेवारीत आवार कापसाने भरलेलं असताना तेच खातं मर्यादेला टेकलेलं असतं. म्हणून मी कर्जाच्या आकड्यापेक्षा वर्षभरात भरलेल्या व्याजाकडे आधी बघतो. कर्जाचा आकडा एका दिवसाचा, व्याज बारा महिन्यांचं. शेवटच्या दिवशी कर्ज थोडं आणि वर्षाचं व्याज भरमसाट असेल, तर मधल्या महिन्यांत काय होतं ते कळतंच.

आणि तुलना सोयऱ्याशीच करावी. सॉफ्टवेअर कंपनीच्या पंधरा टक्क्यांच्या नफ्याशेजारी जिनिंगचे दोन-चार टक्के ठेवून जिनिंगला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिथे पगार हाच मोठा खर्च. इथे कच्चा माल विकत घेऊन तोच सोलून विकायचा असतो. जिनिंग जिनिंगशी तोलावी, आणि त्याहून बरं म्हणजे तीच जिनिंग तिच्या आधीच्या पाच वर्षांशी. एका वर्षाचा उतारा पावसावर जाऊ शकतो. पाच वर्षांचा जात नाही.

अमळनेरमध्ये आजही अनेक कपाटांत शेअरची जुनी सर्टिफिकिटं आणि न उघडलेले अहवाल एकाच पिशवीत असतात. माझी विनंती एवढीच: या वर्षीचा अहवाल आला की पहिली रंगीत पानं उलटून ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक काढा. पाच वर्षांची विक्री, नफा, व्याज, कर्ज, मालकांचा पैसा आणि येणं, हे सहा आकडे एका वहीत उतरवा. विक्रीत शंभराला किती उरले, कमाई व्याजाच्या किती पट, शंभर रुपयांमागे बोजा किती, पैसा किती दिवसांनी आला, हे चार भागाकार करा. घरातल्या दहावीच्या मुलाला शेजारी बसवा. त्याला हे गणित येतं, आणि तासाभरात होतं.