आधी समजून घेऊ

शाळा-कॉलेजात प्रकल्पाचे दिवस आले की घरोघरी एकच विचारणा सुरू होते, विषय कोणता घेऊ? परिसरातला एखादा प्रश्न निवडायला सरांनी सांगितलेलं असतं. मुलं आधी मोठाच विषय घेऊन येतात. पाणीटंचाई, प्रदूषण, भ्रष्टाचार. मनात तळमळ असते म्हणून विषय मोठा होतो, हे चांगलंच आहे. फक्त त्यांना हळूच आपल्या आळीकडे वळवावं. आळीतल्या शेवटच्या नळाला पाणी का पोचत नाही, एवढं घेतलं तरी पुष्कळ काम आहे. पाणी किती वाजता सुटतं? व्हॉल्व्ह कोण फिरवतं? मध्येच वीज गेली तर टाकी भरते का? कुणी नळाला थेट मोटार लावली आहे का? पाणीपट्टी किती घरांची थकली आहे? हे प्रश्न वहीत उतरले की मुलांना हळूहळू उमगतं. वरच्या आळीला पाणी आधी आणि खालच्या आळीला नंतर, हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. ठरवलेली गोष्ट बोलून, बसून बदलता येते. राजकारणाशी इतकी स्वच्छ ओळख निवडणुकीच्या प्रचारातून होत नाही.

एक घाई मात्र मुलांना असते, आणि आपल्यालाही. दोष कुणाचा हे पहिल्याच दिवशी ठरून जातं. 'ग्रामपंचायत काही करत नाही' असं पहिल्या पानावर लिहिलं की पुढच्या पानांवर लिहायला काही उरत नाही. इथे मला गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) आठवतं. धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. वन हक्क कायद्याखाली 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, म्हणून त्याचं नाव सगळीकडे झालं. त्यामागची सवय मला अधिक मोलाची वाटते. गावात ग्रामसभा आहे आणि अभ्यासगटही आहे. अभ्यासगटात बसायचं ते विषय समजून घ्यायला. कायदा काय म्हणतो, जंगलात काय चाललंय, बाहेरून आलेल्या जाणकाराचं म्हणणं काय आहे. तिथे निर्णय होत नाही. निर्णय होतो ग्रामसभेत, तोही सर्वांच्या सहमतीनं. ठरवायचं ओझं नसलं की माणूस मोकळेपणानं विचारतो. ज्याचं पटत नाही त्याचंही ऐकून घेतो. घाईनं ठरवलेलं पुन्हा पुन्हा मोडतं, हा अनुभव तर प्रत्येक घराला आहे.

ही सवय आपल्या रोजच्या दिवसात आणायला ग्रामसभाच हवी असं नाही. आज ऑफिसात एखादी तक्रार कानावर येईल, घरी भावंडांचं काही बिनसलं असेल, सोसायटीत पार्किंगवरून कुरबुर असेल. दहा मिनिटं अशी द्यावीत, ज्यात मत द्यायचं नाही, उत्तर काढायचं नाही. फक्त विचारायचं. 'तुम्हाला नेमकं काय अडतंय?' एवढा प्रश्नही पुरतो. समोरच्याचा आवाज खाली येतो, आणि अडचण आपण समजत होतो त्यापेक्षा निराळीच निघते.

मुलांच्या प्रकल्पातही आपण असंच सोबत असावं. पाणी सोडणाऱ्या काकांना भेटताना मुलांना आधी नमस्कार करायला सांगावं, मग प्रश्न विचारायला. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे जाताना वही दाखवायला सांगावी. वय 18 पूर्ण होऊन मतदारयादीत नाव आलं की ही मुलं आपोआप ग्रामसभेचे सदस्य होतील. तोवर त्यांचा अभ्यास घरातल्या मोठ्यांनी सभेत मांडावा. स्वातंत्र्यदिनाला, गांधीजयंतीला सहसा ग्रामसभा भरते. आई महिला सभेला जात असेल तर विषय तिथेही निघू शकतो. शेवटच्या नळाचं काय करायचं हे आईनं एकटीनं ठरवू नये. आदल्या रात्री वही मध्ये ठेवून लेकीसोबत बसावं, आणि लेक काय म्हणते ते आधी पूर्ण ऐकावं.