काल किती होतं?

वाशीच्या एपीएमसीत गोण्या वाहणारा चाळिशीतला माथाडी कामगार आणि जवळच्याच एखाद्या सेक्टरातली, अंगावर मांस न उरलेली सत्तरीची आजी. दोघांचं क्रिएटिनिन १.० आलं, तर बहुतेक लॅबचे रिपोर्ट दोघांनाही नॉर्मल म्हणून मोकळे होतील. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. कमावलेल्या शरीरात ते मुळातच जास्त, वाळलेल्या शरीरात कमी. त्यामुळे कामगाराचा १.० निर्धास्त असू शकतो आणि आजीचा तोच १.० म्हणजे तिची मूत्रपिंडं बरीच थकल्याची खूण असू शकते.

अशा दोघांना तीव्र पॅनक्रियाटायटिस झाला, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक सूज आली, की या आकड्याची खरी पंचाईत होते. कारण बहुधा पित्ताशयातला खडा, नाहीतर दारू. तीही एका गटारीची नव्हे, सहसा वर्षानुवर्षांची. पोटात कळा आणि रक्तातलं लायपेज नॉर्मलच्या तिपटीवर, एवढ्यावर निदान होतं. लायपेज हजारांत गेलं म्हणून आजार गंभीर, असं मात्र नाही. गंभीर काय ते पुढे घडतं: रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून पोटात साचतं, रक्ताचं आकारमान घटतं, पोटातला दाब वाढतो आणि मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळेनासं होतं. त्यांना इजा होते ती तेव्हा. क्रिएटिनिनला तिचा पत्ता एक-दोन दिवसांनी लागतो.

हा उशीर टाळण्यासाठी नव्या खुणांचा शोध चालू आहे. एनगॅल, सिस्टॅटिन-सी, प्रोकॅल्सिटोनिन, शिवाय साध्या सीबीसीतून काढलेली पांढऱ्या पेशींची गुणोत्तरं. एनगॅलचं नाव झालं ते २००५ मध्ये. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांपैकी २० जणांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्यांच्यात एनगॅल दोन तासांत वाढलं होतं, क्रिएटिनिन एक ते तीन दिवसांनी. निकाल थक्क करणाराच होता. पण तिथे इजेची वेळ घड्याळावर दिसत होती. आपला रुग्ण आदल्या रात्रीपासून कळा सोसत, गल्लीतल्या डॉक्टरचं इंजेक्शन घेऊन येतो. त्यात एनगॅल पांढऱ्या पेशींतूनही बाहेर पडतं, आणि पॅनक्रियाटायटिसमध्ये त्या पेशी आधीच खवळलेल्या असतात. वाढलेलं एनगॅल मूत्रपिंडाचं की नुसत्या दाहाचं, हे कोण सांगणार?

थोडा हिशेब करू. समजा १०० रुग्णांपैकी १५ जणांच्या मूत्रपिंडांना इजा होणार आहे. इजा होणाऱ्यांतले ८० टक्के आणि न होणाऱ्यांतले ८० टक्के अचूक ओळखणारी चाचणी आपल्या हाती आहे. ती १५ पैकी १२ जणांना पकडेल आणि उरलेल्या ८५ पैकी १७ जणांवर उगाच शिक्का मारेल. म्हणजे घंटा वाजलेल्या २९ जणांत निम्म्याहून जास्त खोटे.

खोटी घंटा फुकट जात नाही. धोका दिसला की सलाइन जोरात सोडायचं, ही जुनी रीत. भारतासह चार देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉटरफॉल चाचणीत २४९ रुग्णांनंतर अभ्यास मध्येच थांबवावा लागला. जोरात द्रव दिलेल्या गटात शरीरात जादा पाणी साचण्याचं प्रमाण २०.५ टक्के होतं, बेताने दिलेल्यांत ६.३. फायदा काही दिसला नाही. शिवाय खोट्या घंटेपायी आयसीयूत काढलेल्या जादा रात्रीचं बिल घरच्यांनाच भरायचं असतं.

म्हणून मला नव्या खुणेपेक्षा जुन्या खुणेचा दुसरा नमुना महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये ११ निकष मांडले. त्यातले सहा दाखल होताना नाहीच, ४८ तासांत पाहायचे, आणि त्यात रक्तातलं युरिया नायट्रोजन किती वाढलं हेही होतं. २०१२ पासूनची जागतिक व्याख्याही फरकावरच उभी आहे: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं तरी इजा मानायची. आजीचं १.० वरून १.३ झालं, तर काही लॅबच्या कागदावर तो आकडा मर्यादेच्या काठावरच असेल. पण इजा झालेली असेल. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये ठळक अक्षरं शोधणाऱ्या मुलाला हे कळणार नाही. त्याने डॉक्टरांना विचारावं, काल किती होतं? आणि डायक्लोफेनॅकसारखी मूत्रपिंडाला जड वेदनाशामकं चालू आहेत का, हेही.

त्याच व्याख्येतली दुसरी खूण तर रक्ताचीही नाही. तासाला, दर किलो वजनामागे अर्धा मिलीलीटरपेक्षा कमी लघवी, अशी सलग सहा तास. ७० किलोच्या कामगाराला सहा तासांत २१० मिली तरी व्हायला हवी. खाटेला अडकवलेल्या युरोबॅगवरच्या रेघा वाचून सिस्टर ती चार्टवर भरतात. नाइट ड्यूटीला एका सिस्टरकडे पुष्कळ खाटा असल्या की दर तासाचा रकाना पहाटे एकदमच भरला जातो. वजनाचंही तसंच. कळांनी वाकलेल्या माणसाला काट्यावर उभं कोण करणार. नातेवाइकाला विचारतात, आणि तो अंदाजाने सांगतो, ‘असतील साठ-पासष्ट.’