दाय आणि ऋण

वाडवडिलांनी मिळविलेल्या संपत्तीमुळे एक मूल जन्मतःच लक्षाधीश असते व दुसऱ्याच्या वाट्यास जन्मतःच दारिद्र्य येते. हा अन्याय मानावा काय, आणि मानल्यास सरकारने त्याचे निवारण करावे काय? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसाकराचा नुसता उल्लेख झाला, तेव्हा ज्यांच्या बाजूने तो झाला त्यांनीही तो तत्काळ झटकून टाकला. प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही.

वारसा ही ईश्वरनिर्मित व्यवस्था असून सरकारने तिला हात लावू नये, असे म्हणणारे सद्‌गृहस्थ आपल्या मंडळीतही पुष्कळ आहेत. त्यांस आमचे विनम्रपणे एवढेच विचारणे आहे की, कोणती व्यवस्था? याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत होऊन गेला. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आपल्याच हैदराबाद राज्यात होते. त्याच्या मते वडिलार्जित मिळकतीत पुत्राचे स्वत्व जन्मतःच उत्पन्न होते. उलट जीमूतवाहनाच्या दायभागाप्रमाणे, जो बंगालात चालला, पित्याच्या पश्चातच पुत्रास हक्क मिळतो. दोघेही थोर शास्त्रकार, दोघांचाही आधार स्मृतींचाच. ही व्यवस्था निसर्गसिद्ध असती, तर गोदाकाठी एक व गंगामुखाशी दुसरी कशी झाली असती? मुलीचे तर बोलावयासच नको. आंध्र प्रदेशाने १९८६ साली व महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून अविवाहित कन्येस जन्मसिद्ध वाटा दिला, आणि २००५ साली तो देशभर सर्वच कन्यांस मिळाला. दायाचे नियम मनुष्य घडवितो व मनुष्यच बदलतो. शिवाय मृत मनुष्य आपल्या हाताने काही देऊ शकत नाही. त्याचे मृत्युपत्र अमलात आणते ते न्यायालय, आणि सातबाऱ्यावर वा पहाणीपत्रकावर वारसाचे नाव चढविते ते सरकार. तेव्हा ‘सरकारने मध्ये पडू नये’ या म्हणण्यास अर्थ उरत नाही. सरकार मध्ये आहेच.

वारसा केवळ धनाचाच असतो असेही नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात कुलकर्ण्यास दप्तर वारशाने मिळे, तसेच महारास राबणूकही वारशानेच मिळे. रात्री-अपरात्री सरकारी निरोप घेऊन धावावयाचे, आणि मोबदला म्हणून वतनाचा तुकडा व बलुत्याच्या पेंढ्या. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली त्याविरुद्ध विधेयक मांडले, आणि ती वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. एका घरी तीन पिढ्या अक्षरे साठत होती व दुसऱ्या घरी तीन पिढ्या थकवा साठत होता. आम्ही स्वतः पुजाऱ्याच्या घरचे. पूजेची पाळी आम्हांस वारशाने मिळते आणि मुळाक्षरे शाळेत जाण्यापूर्वीच घरी मिळाली. यातील एकही गोष्ट आम्ही कमावलेली नाही. कोणताही कर ती काढून घेऊ शकणार नाही, आणि घ्यावी असेही नाही. ज्यास ती मिळाली नाहीत त्याच्यापर्यंत ती पोहोचविणे मात्र शक्य आहे व त्यास पैसा लागतो.

घेतलेला दाय हा अन्याय नव्हे, असेच आमचे मत आहे. बाप मुलासाठी झिजतो, यात पाप ते कोणते? सुताराने आयुष्यभर रंधा चालवून दोन खोल्या बांधल्या, त्यावर सरकारने डोळा ठेवणे हा आचरटपणा होईल. परंतु शास्त्राने दायाबरोबर ऋणही बांधले होते, याचा सोयीस्कर विसर पडतो. पित्याचे कर्ज, ते मद्यपान वा द्यूतासाठी काढलेले नसेल तर, फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले जाई. २००५ च्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरते तेही गेले. दाय राहिला, ऋण सुटले. मोठी संपत्ती तर समाजाच्या रस्त्यांवर, समाजाच्या मजुरांकडून व समाजाच्या न्यायालयांच्या संरक्षणाखाली उभी राहते. तिच्यावर समाजाचे काहीच ऋण नाही काय?

हे ऋण वसूल करण्याचा प्रयत्न आपल्या देशात झाला होता, आणि तो फसला, हेही सांगितले पाहिजे. १९५३ च्या कायद्याने मृत्युकर लागू झाला. पुढे वीस लाखांवरील भागावर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. दर जितका भीषण, तितक्या पळवाटा अधिक. वर्षाकाठी सुमारे वीस कोटीच हाती येत, वसुलीची यातायात निराळीच, म्हणून १९८५ साली तो रद्द झाला. १९५७ चा संपत्तिकरही २०१५ च्या अंदाजपत्रकात गेला. याउलट जपानसारख्या भांडवलशाही देशात वारसाकराचा कमाल दर ५५ टक्के असून तेथील उद्योग बुडालेले नाहीत. आपल्याकडे २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांपाशी देशाची सुमारे ४० टक्के संपत्ती होती, असे जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली दाखविले.

दान पुरेसे नाही काय, असे कोणी विचारील. विनोबांना पोचमपल्लीस १९५१ साली शंभर एकर मिळाले, ते आपल्या शहरापासून फार दूर नाही. आम्हांस त्या दानाविषयी अपार आदर आहे. तथापि पुढे देशभर भूदानात आलेली पुष्कळ जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, आणि दात्याच्या मर्जीवर कोणाच्या लेकराची शाळा अवलंबून ठेवणे बरे नव्हे.

म्हणून मर्यादा खूप वर ठेवावी, राहते घर व कसती जमीन वगळावी, दर बेताचा असावा, आणि येणारी रक्कम गावोगावच्या शाळा-वसतिगृहांसाठी वेगळी मांडावी, म्हणजे हिशेब कोणासही विचारता येईल. सरकार पैसा उधळील ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर हिशेब मागणे हे आहे. आज परिस्थिती अशी आहे की, कारकून पगारातून पै-पै साठवून दोन खोल्यांची सदनिका घेतो तेव्हा मुद्रांक शुल्क भरतो, आणि शंभर सदनिकांचा मालक मरण पावला तर त्याचा वारस, वारस म्हणून, काहीच कर भरीत नाही.