मानवणे आणि शुद्ध असणे

बंगळूरच्या चिकपेटेत रेशमी साड्यांची दुकाने इतकी दाटीने उभी आहेत की तेथे दुसरे काही विकले जात असेल, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेल्या या नगराच्या भोवतालच्या पेठांची नावे मात्र जुन्या व्यवहाराची साक्ष देतात. अक्किपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची, गाणिगरपेट तेल्यांची. १६३८ नंतर हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. त्या काळापासून मराठी बोलणारी कुटुंबेही या परिसराच्या जीवनात मिसळत गेली. अशा कुटुंबांतील एखादी आजी नातीला घेऊन दिवाळीच्या आधी खरेदीला निघाली, की साड्यांचा झगमगाट ओलांडून ती एखाद्या काष्ठौषधींच्या दुकानापाशी थांबते. कन्नडमध्ये त्याला ‘ग्रंधिगे अंगडी’ म्हणतात. उघड्या तोंडाची पोती, त्यांत शिकेकाई, रिठे, नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद. आजी शेंग मोडून नाकाशी नेते. नात मात्र पलीकडच्या दुकानातील हिरव्या पानाचे चित्र असलेली बाटली उचलून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचते. दोघींनाही हवे आहे ते एकच : अंगाला अपाय न करणारे, निसर्गातून आलेले काहीतरी. पण दोघींच्या निवडीमागे प्रमाणाच्या दोन भिन्न कल्पना आहेत.

‘नैसर्गिक ते चांगले’ हे विधान आज इतके सहज उच्चारले जाते की त्यातील नैतिक दावा नजरेआड होतो. जॉन स्टुअर्ट मिलच्या मृत्यूनंतर, १८७४ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या निसर्गविषयक निबंधात या दाव्याची कठोर तपासणी आहे. निसर्गात जे घडते ते अनुकरणीय मानायचे, तर मनुष्याच्या सगळ्या धडपडीला अर्थच उरत नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख आहे. मराठी वाचकाला हे पटायला मिलपर्यंत जाण्याचीही गरज नाही; बिब्बा आठवला तरी पुरे. बिब्ब्याहून अधिक नैसर्गिक ते काय असणार? परटाने कपड्यावर घातलेली त्याची खूण धुऊनही जात नाही, आणि त्याचे तेल कातडीला लागले तर फोड उठतात. तरीही तोच बिब्बा वैद्याच्या हाती औषध होतो. विषही योग्य योजनेने औषध ठरते आणि औषधही अयोग्य योजनेने विष ठरते, हा चरकसंहितेचा विचार निसर्गभक्तीचा नाही, विवेकाचा आहे.

शब्दांचा घोटाळाही येथे थोडा नाही. बाटलीवरचा ‘सेंद्रिय’ हा शब्द शेतीतून आला. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ निराळाच आहे. १८२८ मध्ये व्होलरने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि सजीवांच्या देहातच घडणारी द्रव्ये व माणसाने घडविलेली द्रव्ये यांच्यामधली भिंत ढासळू लागली. रसायनशास्त्राच्या परिभाषेत खनिज तेलापासून काढलेले मलमही सेंद्रियच, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपात मिसळलेले, कातडी भाजून काढणारे पॅराफिनिलिनडायमिन हेही सेंद्रियच. नात ज्या शब्दावर विश्वासून बाटली उचलते, त्या शब्दाच्या पोटात असे दोन परस्परांना न ओळखणारे अर्थ आहेत. व्यापाराला ही संदिग्धता सोयीचीच असते. भारतात २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’ यांसारखे शब्द नेमक्या खुलाशाशिवाय वापरू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. शब्दार्थाचे काम कायद्याला करावे लागावे, ही समीक्षकांनी मनावर घेण्याजोगी गोष्ट आहे.

आजीच्या भाषेत या प्रश्नाची मांडणीच वेगळी आहे. मराठीत ‘प्रकृती’ म्हणजे निसर्ग, आणि ‘प्रकृती’ म्हणजे प्रत्येकाची देहधारणाही. ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारताना कोणी डोंगर-नद्यांची चौकशी करीत नाही. या दोन अर्थांना जोडणारे एक सुंदर क्रियापद मराठीने घडविले आहे : मानवणे. एखादे औषध एकाला मानवते, दुसऱ्याला मानवत नाही. चांगुलपणा येथे वस्तूच्या पोटात बंद नसतो. वस्तू आणि देह यांच्या संबंधात तो असतो. म्हणूनच काष्ठौषधींच्या दुकानातला जुना माणूस शिकेकाई मागितली की आधी विचारतो, ‘यारिगे?’ म्हणजे कोणासाठी? लहान मुलासाठी की बाळंतिणीसाठी, केस कोरडे की तेलकट, हे कळल्यावाचून त्याची पुडी बांधली जात नाही. (‘शिकेकाई’ या घरगुती शब्दातली ‘काई’ द्राविडी आहे, तिचा अर्थ कच्चे फळ. आपले म्हणून जे आपण जपतो ते किती शेजाऱ्यांकडून आलेले असते!) बाटलीवरचे लेबल हा प्रश्न विचारू शकत नाही, कारण ते सर्वांसाठी एकदाच छापलेले असते.

तथापि येथे थांबून आजीच्या बाजूने निकाल देणे हा भाबडेपणा होईल. मानवणे ही देहाची साक्ष आहे, आणि देहाला सगळेच कळते असे नाही. काजळातले शिसे डोळ्यांना खुपत नाही. रंग उजळावा म्हणून लावलेल्या क्रीममधला पारा तर प्रारंभी उत्तम मानवतो. चेहरा खरोखरच उजळ दिसू लागतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी अलीकडेच अशा क्रीमचा वापर आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध दाखवून दिला. पिवळेपणा वाढावा म्हणून हळदीत मिसळलेले लेड क्रोमेट नाकाला कळत नाही, चवीलाही कळत नाही; पोत्यात हात घालणाऱ्या आजीचा साठ वर्षांचा अनुभव तेथे निरुपयोगी ठरतो. शिसे शोधायला प्रयोगशाळाच लागते. म्हणजे नातीच्या बारीक अक्षरे वाचण्यात नुसती फॅशन नाही. आपल्या इंद्रियांपलीकडच्या ज्ञानावर विसंबण्याची ती आधुनिक नागरिकाची रीत आहे. आजी ओळखीवर विश्वास ठेवते, नात संस्थेवर. दोन्ही विश्वास फसू शकतात. मात्र ओळखीच्या दुकानदाराला परत जाऊन जाब विचारता येतो. संस्थेला तो विचारायचा तर कायदा, तपासनीस आणि वर्तमानपत्र अशी सगळी यंत्रणा जागी असावी लागते.

सौंदर्य आणि आरोग्य यांची सीमाही या व्यवहारात स्थिर राहत नाही. विको टर्मेरिकचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. हळदीचे हे क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदीय औषध, यावरून अबकारी खात्याशी प्रदीर्घ वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर निकाल औषधाच्या बाजूने लागला. वाद कराचा होता. पण त्यामागचा प्रश्न चिंतनाचा आहे. लग्नाआधी लावलेली हळद कातडीसाठी असते, की रूपासाठी, की मंगलासाठी? ज्या संस्कृतीने हे तीन हेतू कधी वेगळे केलेच नाहीत, तिला करपत्रकाच्या रकान्यांनी ते वेगळे करायला लावले.

शुद्धतेच्या या शोधात आणखी एक धोका आहे. आपल्या समाजाला सोवळ्याची दीर्घ सवय आहे. चरबी नसलेला, वनस्पतितेलाचा साबण आर्देशीर गोदरेज यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला, तेव्हा स्वदेशीच्या भावनेइतकीच स्पर्शास्पर्शाची भावनाही ग्राहकांच्या मनात असणार. आजचे महागडे ‘सेंद्रिय’ प्रसाधन हे अनेकदा त्याच सोवळ्याचे नवे वस्त्र असते : माझ्या देहाला मलिन काही शिवू नये. ही इच्छा गैर नव्हे. परंतु ती जेव्हा स्वतःच्या कातडीपाशी संपते, तेव्हा तिला नैतिक म्हणणे कठीण जाते.

चंदनाचेच पाहावे. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदन हा राजवृक्ष ठरविला. पहिल्या महायुद्धात परदेशी निर्यात अडल्यावर म्हैसूर संस्थानाने तेल काढण्याचा उद्योग उभारला आणि १९१८ मध्ये बंगळूरचा म्हैसूर सॅंडल साबण जन्मला. दक्षिणेच्या अभिमानाचा तो विषय आहे आणि चिकपेटेच्या दुकानांतही तो असतो. पण ज्या झाडाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेऊन जगतात, जे गाभा धरायला वर्षानुवर्षे घेते, ते आज रानात संकटग्रस्त मानले जाते. निसर्गातले हवे या ओढीनेच निसर्गातले ते संपत आले.

शिकेकाईची कथा याहून गुंतागुंतीची आहे. चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरिरंगन डोंगरांत सोलिग आदिवासी राहतात. शिकेकाई, रिठे, आवळे, मध गोळा करून सहकारी संस्थांमार्फत विकणे हा त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग होता. वन्यजीव कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती झाली आणि अभयारण्यातून विक्रीसाठी वनोपज नेण्यावर बंदी आली. निसर्ग राखण्यासाठी केलेल्या नियमाने, त्या निसर्गाला नावानिशी ओळखणाऱ्यांचीच मिळकत थांबली. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे त्यांच्या ग्रामसभांना २०११ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेही झगडून. बाटलीवरच्या हिरव्या पानाला या इतिहासाचा पत्ता नाही. पोत्यावरही तो लिहिलेला नसतो. तेथे केवळ व्यापाऱ्याची खूण आणि वजन असते.

नात बाटली खाली ठेवून आजीजवळ येते आणि ही शेंग कोणत्या रानातली, असे दुकानदाराला विचारते. तो ‘यारिगे?’ हे नेहमी विचारतो, ‘कोणाकडून?’ हे त्याला सहसा कोणी विचारत नाही. तो क्षणभर थबकतो, मग पोत्याची कड उलटून खूण शोधू लागतो.